सातवा रकाना
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि घरात पाठची भावंडे सांभाळावयाची होती, तेवढ्यावर ते थांबले. त्यामुळे मोठा विषय मोठ्या शब्दांत मांडणे मला जमावयाचे नाही. आजच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘सरकार, धर्म आणि आपण नागरिक’ असे छापले आहे. ते आपल्या चिटणीसबाईंचे काम. मी त्यांना म्हटले, “अहो, हा कॉलेजातल्या प्राध्यापकांचा विषय. माझ्या गळ्यात कशाला बांधता?” त्या म्हणाल्या, “सभासदांची वही कोणाकडे असते?” मी म्हटले, “माझ्याकडे.” “मग विषय तुमचाच,” असे म्हणून त्या निघून गेल्या. मला जरा रागच आला. पण घरी येऊन भाकरी थापता थापता विचार केला, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे वाटू लागले. म्हणून आज मी त्या वहीबद्दलच बोलणार आहे.

आपल्या मंडळाचा सभासदत्वाचा अर्ज आपण साऱ्याजणींनी भरला आहे. त्यात सात रकाने आहेत. नाव, वय, पत्ता, शिक्षण, पतीचे अथवा वडिलांचे नाव, व्यवसाय, आणि सातवा, धर्म व जात. हा सातवा रकाना आला कोठून, याची मी चौकशी केली. जुन्या बायकांना विचारले. मंडळ नोंदवावयाचे ठरले तेव्हा कोणाकडे तरी शाळेचा प्रवेश-अर्ज पडला होता. तोच समोर ठेवून आपला अर्ज तयार झाला. शाळेच्या अर्जात होता म्हणून आपल्याही अर्जात आला. पुढे एका वकिलांना विचारले तर ते म्हणाले, “बाई, मंडळाला असा रकाना कोणी मागितलेला नाही. तुम्ही आपणहून घातला आहे.” म्हणजे कोणी न सांगता आपण तो इतकी वर्षे भरीत आलो. पुष्कळ अर्जांत तर मीच भरला आहे. नवी बाई येते, अर्ज अर्धा भरते, वर्गणी देते आणि घाईने घरी जाते. राहिलेले मी नावावरून, आडनावावरून, राहत्या गल्लीवरून भरून टाकीत असे. काम नीटनेटके असावे, वहीत जागा मोकळी राहू नये, एवढाच माझा हेतू.

आता मागच्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट सांगते. हळदीकुंकवाची बोलावणी काढावयाचे काम माझ्याकडे होते. वहीत त्या वेळी ९२ नावे होती. मी वही उघडली, सातव्या रकान्यावरून बोट फिरवीत गेले आणि ११ नावे बाजूला ठेवली. मनात वाईट काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. उलट मला वाटले, या बायका काही हळदीकुंकू करीत नाहीत, उगाच बोलावून त्यांना अवघडल्यासारखे व्हावयाचे. त्यांच्या सोयीसाठी आपण त्यांना वगळीत आहोत, असे समाधान मानून मी वही मिटली.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या भाभी आल्या. आपल्या शिवणवर्गाची अर्धी कामे त्यांच्या हातून होतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या काही भांडावयास आल्या नव्हत्या. एक झबले द्यावयाचे होते ते देऊन त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, परवा मंडळात कार्यक्रम होता म्हणे.” मी म्हटले, “हो, हळदीकुंकू होते.” त्या म्हणाल्या, “आम्हाला बोलावणं नव्हतं. बरं, नसू दे. पर त्या वहीत माझ्या नावाम्होरं तुम्ही काय लिवलंय ते चिटणीसबाईंनी मला दावलं. लिवलंय ते खोटं न्हाई. पर अक्षर माझं न्हाई. मी ती जागा रिकामी सोडली हुती.”

भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. मी चहा ठेवते म्हटले, तर त्या म्हणाल्या, काम पडले आहे, आणि गेल्या.

मी वही काढून पाहिली. खरेच, वरचे सहा रकाने त्यांच्या हाताचे होते, सातवा माझ्या निळ्या शाईचा.

त्या रात्री मला आमच्या आजेसासूबाई फार आठवल्या. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. त्यांचे लग्न १९४७ सालच्या आरंभी झाले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या. त्याच उन्हाळ्यात साने गुरुजी पंढरपुरास उपोषणाला बसले. आपल्यापैकी पुष्कळजणींना गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’ एवढेच ठाऊक असते. पण अस्पृश्यांना विठोबाचे दार मोकळे व्हावे म्हणून गुरुजी महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडले, सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते, आणि अखेर १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण मांडले. १० मे रोजी ते सुटले. दार उघडावयाचे कबूल झाले.

आजेसासूबाई सांगत, त्या दहा दिवसांत सांगोल्यात दुसरे बोलणे नव्हते. मिरजेकडून येणारी अरुंद रुळांची ती छोटी गाडी आपल्या गावावरून पंढरपुरास जाई. गाडीतून उतरणाऱ्या माणसाभोवती घोळका जमे, आज काय झाले म्हणून. दार उघडल्यावर पुष्कळ घरांतून सांगितले गेले की आता देऊळ बाटले. देवाचे तेज आधीच घागरीत काढून ठेवले आहे, आत नुसता दगड उरला आहे, अशीही बोलवा होती. आमच्या घरच्या वडीलमंडळींनी वारी बंद केली. कळसाला हात जोडावयाचे, नामदेवाच्या पायरीशी नारळ ठेवावयाचा आणि परतावयाचे. आजेसासूबाई नवी सून. त्यांना कोण विचारतो? त्याही सहा-सात वर्षे पायरीवरूनच परत आल्या.

मला यातले नवल असे वाटते, की त्या पायरीपाशीच चोखोबांची समाधी आहे. चोखोबा आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याचे. १३३८ साली तेथल्या गावकुसाचे बांधकाम करताना ते कोसळले आणि त्याखाली सापडून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. जिवंतपणी आत जाऊ न दिलेला माणूस सहाशे वर्षे दाराबाहेरच राहिला. आणि दार उघडले त्या वर्षी आमच्यासारख्या घरांतली माणसे आपण होऊन त्याच्या शेजारी दाराबाहेर उभी राहिली. आजेसासूबाई हे सांगताना हसत. त्या म्हणत, “देवानं बरोबर उलटं केलं बघ.”

मग एका आषाढीला त्या घरात न सांगता रांगेत शिरल्या. त्यांच्या पुढे एक बाई होती. कोणाची, कोठली, काही ठाऊक नाही. त्या बाईने विठोबाच्या पायांवर डोके ठेवले, उठली, आणि त्याच ठिकाणी आजेसासूबाईंनी डोके ठेवले. त्या म्हणत, “तिच्या कपाळाचा घाम त्या पावलांवर तसाच होता. मला वाटलं होतं अंगावर काटा येईल. काही आलं नाही. पाय गार होते, एवढंच कळलं.”

हे सारे एका गुरुजींच्या उपोषणाने झाले असे आपण म्हणतो, आणि ते खरे आहे. पण त्यात सरकारचाही वाटा होता, आणि माझा विषय तो आहे. त्याच १९४७ साली मुंबई प्रांताने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंचविसाव्या कलमात प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याची मोकळीक देऊन शिवाय असेही म्हटले, की सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा कायदा सरकारला करता येईल. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेबद्दल शिक्षेचा कायदा झाला. त्याचे नाव होते अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम. १९७६ साली त्याचे नाव बदलले आणि नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे ठेवले. हे मी वाचले तेव्हा त्या पानावर थोडा वेळ थांबले. पहिल्या नावात गुन्हा आहे, अस्पृश्य आहे. दुसऱ्या नावात नागरिक आहे. पहिले नाव वाचले की कोणीतरी कोणावर दया केली असे वाटते. दुसरे वाचले की ज्याचे होते त्याला ते मिळाले असे वाटते. नावाने काय होते असे आपण म्हणतो, पण लग्नात आपले नाव बदलले तेव्हा किती दिवस हाकेला ओ देता येत नव्हती, ते आठवा.

पंढरपूरची गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. दार उघडले तरी किल्ल्या वंशपरंपरेने बडवे आणि उत्पात मंडळींकडेच होत्या. नाडकर्णी आयोगाने चौकशी केली आणि १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला. वंशपरंपरेचे हक्क काढून कारभार सरकारने नेमलेल्या समितीकडे द्यावयाचे ठरले. मग कोर्टकचेऱ्या. त्या इतक्या चालल्या की जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला तेव्हा मी दोन मुलांची आई झाले होते. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींतल्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले. ती बातमी मी आजेसासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना कमी ऐकू येई. त्यांनी दोनदा विचारले, “बायका? बायका म्हणालीस?”

यावर कोणी म्हणेल, देवळाचा कारभार सरकारने का पाहावा? आमच्या घरातही हा वाद होतो, आणि तो अगदी चुकीचा वाद आहे असे मी म्हणणार नाही. सरकारी समिती म्हणजे काही संतांची समिती नव्हे. रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या माणसाला समितीचीही गाऱ्हाणी सांगता येतील. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा सातवा रकाना कोणी वाचू नये, एवढे काम कायद्याने केले. शेजारपाजारच्या साऱ्यांनी मिळून ते सहाशे वर्षांत केले नव्हते.

बायकांच्या बाबतीत तर हे कालपरवाचे आहे. शनिशिंगणापूरला चौथऱ्यावर बायकांनी जावयाचे नाही अशी रीत होती. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले, की १९५६ सालचा प्रवेशाचा कायदा आहे, तो अंमलात आणा. त्याच महिन्यात, पाडव्याच्या दिवशी, तेथल्या विश्वस्तांनी बायकांना वाट मोकळी केली. मला त्या वेळी ते पटले नव्हते, हेही सांगून टाकते. मी म्हणत असे, नको म्हणतात तेथे कशाला जावे? मग भाभी उंबऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा कळले, की नको म्हणणाऱ्याला हे वाक्य फार सोपे असते.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई म्हणणार की सातवा रकाना वाईट, तो खोडून टाका. मलाही तसेच वाटले होते. मी कार्यकारिणीपुढे तशी सूचनाही मांडली. आणि तेथे आपल्या एका जुन्या सभासदांनी मला गप्प केले. त्या ११ नावांपैकी त्या एक. मला वाटले होते, त्या तर माझ्याच बाजूच्या असणार.

त्या म्हणाल्या, “वहिनी, हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. मी आले नसतेच. पण विचारायला पाहिजे होतं. मी नाही म्हणाले असते, ते माझं नाही म्हणणं झालं असतं. आता राहिला हा रकाना. त्यात माझ्या आजीनं बौद्ध असा शब्द लिहिला आहे. तिच्या आईला तो रकाना दुसऱ्यांनी भरून दिला होता, आणि त्यात काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आजीनं तो स्वतः भरला. तुम्हाला तुमचा शब्द फुकट मिळाला, म्हणून तुम्हाला तो खोडता येतो.”

मी त्यांना बसा म्हटले आणि मीही बसले. मग त्यांनी जे सांगितले ते मी पुढे वाचनालयात जाऊन पडताळून पाहिले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी सांगितले, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आता जनगणनेचे आकडे पाहा. १९५१ साली महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसे होती २,४८७. १९६१ साली ती झाली २७,८९,५०१. सरकारचा माणूस दारात आला, त्याने धर्म विचारला, आणि घराघरांतल्या माणसांनी आपण होऊन नवा शब्द सांगितला. काही लोक त्या रकान्यातून सुटावयास धडपडत होते, आणि ही माणसे त्याच रकान्यातून सुटून आली. माझ्या डोक्यात हे नीट बसावयास दोन दिवस लागले.

त्याची किंमतही त्यांनी दिली. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशात असे होते, की हिंदूखेरीज दुसरा धर्म सांगणाऱ्याला त्या यादीत धरावयाचे नाही. शिखांसाठी १९५६ साली तो बदलला. बौद्धांना मात्र केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या हातच्या सवलती त्यांना दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी तीस-चौतीस वर्षे अशी गेली, की खरा शब्द लिहिला तर मुलाचा हक्क जातो आणि हक्क ठेवला तर कागदावर जुना शब्द राहतो. आपल्या त्या सभासदांच्या घरी दोन भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळे शब्द आहेत. आई-बाप एक, घर एक, आणि दोघे भाऊ सरकारच्या लेखी दोन धर्मांचे. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या त्याच जातींच्या लोकांना तर ती यादी आजही बंद आहे. सरकारने माणसाला प्रश्न विचारावा आणि खरे उत्तर दिल्याबद्दल त्याला दंड करावा, असे हे झाले. असल्या दंडाने माणूस आपल्याला या देशाचा कसा समजेल, किती समजेल, हे कोणा विद्वानाने लिहिले असेल तर ते मी वाचीन. मला एवढे दिसते, की धाकट्याच्या दाखल्यावरचा शब्द त्यांनी चौकटीत लावून भिंतीवर ठेवला आहे.

जनगणनेची आणखी एक गोष्ट मला एका शिक्षिकाबाईंनी सांगितली. त्यांनी २०११ साली ते काम केले होते. मोजणीदाराला सूचना असते, की धर्म विचारावयाचा, घरचे सांगतील तोच लिहावयाचा, आणि नावावरून अंदाज बांधावयाचा नाही. मी त्यांना पुन्हा विचारले, “नावावरून लिहायचं नाही?” त्या म्हणाल्या, “मुळीच नाही.” सरकारी माणसाला जी बंदी आहे तेच मी चार वर्षे वहीत बसून करीत होते, आणि नीटनेटकेपणा म्हणून करीत होते.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असाही निकाल दिला आहे, की सरकारी कागदावर कोणाला धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही, आणि मला धर्म नाही असेही माणसाला म्हणता येईल. आपल्यात असे म्हणणारी कोणी असेल असे मला वाटत नाही. पण भाभींनी जागा रिकामी सोडली होती ती काही धर्म नाही म्हणून नव्हे. त्यांनी मला मागाहून सांगितले, “पाच वेळा नमाज पडते, ते गल्लीला ठाऊक हाय. पर शिवणवर्गात सुई धरायला त्याचं काय काम?”

त्यांनी एकदा मला आणखी एक प्रश्न विचारला. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री पंढरपुरास सपत्नीक महापूजा करतात आणि रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो. मी ती दूरदर्शनवर दरवर्षी बघते. आपल्या भागातल्या जोडप्याला मान मिळाला तर मला माहेरचा आहेर आल्यासारखे वाटते, खोटे कशाला बोलू! भाभी माझ्याच घरी बसून ती पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “हे साऱ्या राज्याच्या वतीनं पूजा करत्यात न्हवं? मग माझ्याबी वतीनं का?” मी पटकन म्हटले, “हो, तुमच्याही.” त्या म्हणाल्या, “मला चालंल. पाऊस पडला तर माझ्याबी दारात पडंल. पर कुणी तरी इचारावं असं वाटतं.” आपला तालुका दुष्काळी, पावसाचे नाव निघाले की हिंदू-मुसलमान दोघींचेही बोलणे तेथेच थांबते, तसे त्या दिवशीही थांबले. मला त्यांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर अजून सापडलेले नाही. पूजा बंद करा असे माझ्या तोंडून निघणार नाही, आणि त्यांचा प्रश्न गैर आहे असेही निघणार नाही.

२०२७ च्या जनगणनेत धर्माबरोबर सर्वांची जातही लिहून घ्यावयाचे केंद्र सरकारने २०२५ साली ठरविले. असे काम याआधी पुरते झाले ते १९३१ साली. दुपारच्या वेळी पुरुष शेतावर, दुकानावर. दाराशी आलेल्या माणसाला उत्तर देणार ती घरातली बाईच. डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी असो की बंगल्यात राहणारी असो. आजवर आपण म्हणत आलो, ह्यांना विचारून सांगते. निदान आपल्यापुरते काय सांगावयाचे, ते आधी घरात बसून बोलून ठेवावे, असे मला वाटते. सून काय सांगते तेही ऐकावे. आमच्या घरी हे बोलणे काढले तर धाकटी जाऊ असे काही बोलली, की सासूबाई दोन दिवस माझ्यावरच रुसून होत्या. ते येथे सांगत नाही.

आता मंडळाच्या अर्जाचे काय झाले ते सांगते आणि बसते. कार्यकारिणीच्या तीन बैठका या एका रकान्यावर झाल्या. एकीचे म्हणणे खोडावा, एकीचे म्हणणे ठेवावा, एक म्हणाली इतक्या वेळात दोन भिशा झाल्या असत्या. शेवटी असे ठरले, की छापील अर्जातून तो रकाना काढावयाचा आणि त्याच्या जागी एक मोकळी ओळ ठेवावयाची. तिच्यावर काही छापावयाचे नाही. जिला आपल्याबद्दल जे मंडळाला सांगावेसे वाटेल ते तिने आपल्या हाताने लिहावे, न वाटेल तिने ओळ तशीच सोडावी. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घेताना तिला वाचून दाखवावे. आणि त्या ओळीवरून कोणत्याही कार्यक्रमाची बोलावणी काढावयाची नाहीत. आपल्या बौद्ध भगिनीने पहिला नवा अर्ज भरला आणि त्या ओळीवर आजीचा शब्द ठळक अक्षरात लिहिला. भाभींनी ओळीवर लिहिले, ‘शिवण येते, काज-बटन सुद्धा.’

यंदाच्या संक्रांतीला मी साऱ्या नावांची बोलावणी काढली, आणि त्या ११ घरी स्वतः गेले. सहाजणी आल्या. तिघींनी कुंकू लावून घेतले, दोघींनी नुसते फूल आणि तिळगूळ घेतला, एकीने काहीच घेतले नाही पण शेवटपर्यंत बसून राहिली आणि जाताना खुर्च्या उचलू लागली. चौघींनी येत नाही म्हणून सांगितले. राहिलेल्या एकीने दार उघडले नाही. तिच्याकडे मी पुन्हा जाणार आहे.

जुनी वही मी फाडलेली नाही. कपाटात आहे. माझ्या निळ्या शाईच्या नोंदी ज्यांच्या नावापुढे आहेत त्यांनी त्या येऊन पाहाव्यात. नवे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, पेन दोऱ्याने बांधून ठेवले आहे. चहा होईपर्यंत तेवढे काम उरकून घ्यावे.